उवांचं औषध

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि त्यांच्यापासून मी काही लपवत नसे, दूध उतू गेलं तरी संध्याकाळी कबूल करून मोकळी व्हायची. ते गेले, तेव्हाही हे माझ्या पोटातच राहिलं. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. मलाही धड ठाऊक नाही.

दौंडात आमच्या गल्लीत मला टिपांच्या काकू म्हणतात. कोथिंबीर सुकली, मला विचारा. पाली झाल्या, मला विचारा. पोरीचं लग्न ठरलंय, तोंडाला काय लावू — मलाच विचारा. आणि मी सांगते. कोथिंबीर आणली की धुवायची नाही, आधी मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, कोरड्या फडक्यात गुंडाळायची. मिरच्यांचे देठ काढून ठेवायचे. मेथी निवडल्याशिवाय ठेवायची नाही, आणि निवडली की दाबून भरायची नाही. सून माझी थट्टा करते. म्हणते, आईंच्या टिपेत पहिल्यांदा 'करू नका' येतं, 'करा' मागाहून. कोथिंबिरीनं काय कुणाचा जीव जाणार आहे का? मी हसते. तिला काय सांगू?

पहा, भाजीवरच घुटमळते आहे मी. मला कळतंय हं.

तर — सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी शिरूर तालुक्यात ग्रामसेविका होते. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, एसटीनं गावोगाव जायचं आणि बायकांना जमवून घर कसं ठेवावं, पोरांची निगा कशी घ्यावी, भाजी कशी टिकवावी ते सांगायचं. पंचविशीतली मी, शहरात शिकलेली, कडक इस्त्रीची साडी. ज्यांनी जन्मभर संसार ओढला त्यांना मी संसार शिकवणार! पालथ्या घड्यावर पाणी सगळं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि मला राग यायचा. रागीट होतेच मी. आणि गर्विष्ठ. तेही सांगून ठेवते.

एका गावात — नाव सांगत नाही, घोडनदीच्या अलीकडं होतं एवढं पुरे — एकजण मात्र हसली नाही. तिचं नाव सगुणा. वीस-बावीस वर्षांची, काटक, कमी बोलणारी. मेंढरं विकून जमिनीवर स्थिरावलेलं घर. नवरा दौंडला रेल्वेत, रुळांच्या कामावर. आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली आणि तिची मुलगी सुमन, तेव्हा नऊ वर्षांची, सगुणाच्या पदरात. म्हणजे सगुणा सावत्र आई. सावत्र आईनं पोरीला दोन घास जास्त घातले तर लोक म्हणतात दाखवायला घालते, आणि कमी घातले तर — ते तर बोलायलाच नको. सगुणाला हे पक्कं माहीत होतं. म्हणून ती प्रत्येक गोष्ट दहा जणींना विचारून करायची, आणि मी भेटल्यापासून फक्त मला.

मी सांगितलं होतं, मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा, आत भाजी ठेवा, वर ओलं फडकं. बायका म्हणाल्या, "प्यायला पाणी न्हाई आन् वाळूला पाजायचं व्हय?" सगुणानं करून पाहिलं. दोन दिवस आधी खुडलेली मेथी तिनं बाजारच्या दिवशी शिरूरला नेली आणि ती ताजी म्हणून खपली. त्यानंतर गावात घरोघरी वाळूची मडकी झाली. "बाई म्हनल्या म्हंजी झालं," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की मला किती बरं वाटायचं, सांगू! उन्हातनं आल्यावर ताक मिळावं तसं.

त्या दिवशी बैठक शाळेच्या पडवीत होती. विषय, त्वचेची निगा. मी बेसन-हळद-साय सांगितली तर एक म्हातारी म्हणाली, "बाई, साय तोंडाला लावायची का तोंडात घालायची, आधी त्ये सांगा!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पण आतून चिडले. टाचांच्या भेगांना मेण आणि तेल सांगितलं, तेवढं मात्र त्यांनी नीट ऐकलं. बैठक संपता संपता सगुणा उठून उभी राहिली. तिला बोलायची लाज वाटत होती. सुमनच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, खाजवून खाजवून जखमा. मागच्या आठवड्यात पोरीची आजी, मरून गेलेल्या आईची आई, कासुर्डीहून येऊन डोकं बघून गेली होती आणि चारचौघांत बोलून गेली होती — माझी लेक असती तर नातीची ही दशा झाली नसती. पुढच्या खेपेला ती यायच्या आत सगुणाला पोरीचं डोकं स्वच्छ करायचं होतं. तिला एवढंच हवं होतं हो. दुसरं काही नाही.

माझ्या वहीत उवांचं औषध होतं. त्या काळी सगळीकडे तेच करत. आता कुणी करू नका, चुकूनही नाही. रॉकेल आणि खोबरेल निम्मं निम्मं, केसांना मुळापर्यंत लावायचं, वर फडकं घट्ट बांधायचं, दोन तास ठेवायचं, मग कढत पाणी आणि शिकेकाईनं धुवायचं. मी वाचून दाखवलं. सगुणा ओठ हलवत पाठ करत होती.

त्याखाली आणखी एक ओळ होती. शिकताना आम्हाला बजावून लिहून दिलेली, मीच लाल शाईनं अधोरेखित केलेली — डोक्याला रॉकेल असताना चुलीजवळ, दिव्याजवळ जाऊ नये.

ती मी वाचली नाही.

एसटीचा हॉर्न वाजला म्हणून? वाजला खरा. पण गाडी वळून यायला पाच-सात मिनिटं लागायची, आणि ती ओळ वाचायला किती वेळ लागतो? त्या म्हातारीवर चिडले होते म्हणून? शिरूरला उतरून शिंप्याकडे ब्लाउज आणायचं होतं, ते डोक्यात होतं. खरं तेच होतं. मी वही मिटली.

आता तुम्हीच बघा. फडकं बांधलेलं डोकं, दोन तास झालेले, पुढं काय? कढत पाणी. आणि पाणी तापायचं कशावर? चुलीवर. माझ्याच औषधानं पोरीला चुलीपर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणा मागच्या दारी शिकेकाई कुटत होती. सुमन गुणाची पोर, आईला मदत करावी म्हणून आपणच चुलीपुढं बसली आणि फुंकणीनं जाळ फुलवू लागली. ठिणगी फडक्यावर पडली. सगुणानं किंकाळी ऐकली, धावत आली आणि उघड्या हातांनी ते पेटतं फडकं ओरबाडून काढलं. घोंगडं मिळालं नाही तिला, शोधायला थांबलीच नाही ती. पोर वाचली. एक कान, मानेची एक बाजू आणि त्या बाजूचे केस गेले. सगुणाचे दोन्ही तळवे गेले — म्हणजे राहिले, पण सोलून निघाले.

आठवड्यानं मी गावात गेले तेव्हा पोलीस पाटलांच्या ओट्यावर माणसं जमली होती. सुमनचा मामा आणि आजी कासुर्डीहून आली होती. सुमनचे वडील खाली मान घालून बसले होते. मामा म्हणत होता, पोरीच्या डोक्याला रॉकेल लावून चुलीपुढं बसवली, ह्याला काय औषध म्हनत्यात? खांबाला टेकून सगुणा उभी, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "बाईंनी सांगितलं तसंच केलं वो. बाईंनी सांगितलं तसंच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाटलांनी अदबीनं विचारलं, "बाई, चुलीपाशी जाऊ नका म्हनून तुम्ही सांगितलं व्हतं का न्हाई?"

मी म्हणाले, "सांगितलं होतं."

झालं. दोन शब्द. भीतीनं तोंडातून गेले असं म्हणता येईल — नोकरी जाईल, तक्रार होईल, गावोगाव नाव जाईल. पण मग मी पिशवी उघडली. वही काढली. पानं उलटून ती ओळ शोधली आणि पाटलांपुढं धरली. लाल शाईची ओळ! पिशवी उघडायला, वही काढायला, पान सापडायला वेळ लागतो की नाही? तेवढ्या वेळात थांबता येत होतं. मी थांबले नाही. ते भीतीनं केलं नाही मी, नीट विचार करून केलं.

आणि मग त्या बायका, माझ्यावर हसणाऱ्या, एकेक करून बोलू लागल्या. "व्हय, व्हय, सांगितलं व्हतं की बाईंनी." "मी आइकलं ना माझ्या कानानं." त्या खोटं बोलत नव्हत्या हो. बाईंच्या वहीत आहे म्हणजे बाईंनी सांगितलंच असणार, असं त्यांना मनापासून आठवलं. ती सायवाली म्हातारीसुद्धा मान हलवत होती.

सगुणा म्हणाली, "न्हाई वो बाई..." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी वही पिशवीत घालत होते.

मामा म्हणाला, पोलिसांत जायचं नाही, पण पोर आमची आम्ही नेतो. दवाखान्यातूनच सुमन कासुर्डीला गेली. आजी जाताना म्हणाली, सावत्र ती सावत्रच. ते वाक्य गावानं उचललं आणि मग कुणी आपलं लेकरू सगुणाच्या मांडीवर देईना. हात जरा बरे झाले तशी ती एकटी कासुर्डीला गेली. भाजलेल्या कातडीवर चुन्याची निवळी आणि खोबरेल फेटून लावतात, ते माझंच सांगणं. त्याची बाटली घेऊन गेली होती. त्यांनी दारातूनच परत पाठवली. बाटलीसकट.

मी बदली मागून घेतली आणि भीमेपलीकडं, दौंडला आले. बरीच वर्षं गेली. एकदा इथल्या स्टँडवर बाकावर एक बाई शेजारी येऊन बसली. वाऱ्यानं तिचा पदर सरकला आणि मला तो कान दिसला. ओळख न देता मी विचारलं, काय झालं गं हे? ती सरळ म्हणाली, "सावत्र आईनं जाळलं मला, ल्हान असताना." कसलाही राग नव्हता आवाजात, गावाचं नाव सांगावं तसं सांगितलं. तेव्हा मला बोलता आलं असतं. तिची गाडी लागायची होती, स्टँडवर मला कुणी ओळखत नव्हतं, नोकरीचा प्रश्न नव्हता. मी काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, "रोज खोबरेल चोळत जा, कातडी मऊ राहते."

टीप दिली मी तिला!

अजून एक राहिलं आहे. तेच सांगायला बसले होते, आणि तेच मागं मागं ढकलत आले.

बदलीच्या आधी, बाजारच्या दिवशी, सगुणा शिरूरला आम्हा दोघांच्या भाड्याच्या खोलीवर आली; हे कामावर गेले होते. मला वाटलं, भांडायला आली. मी मनातल्या मनात तयारीसुद्धा केली, काय बोलायचं त्याची. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेरच उकिडवी बसली, आणि म्हणाली,

"बाई, लई दिस इचार केला. समद्या बाया म्हनत्यात आन् तुमच्या वहीत बी हाय, म्हंजी तुम्ही सांगितलंच असंल. माझंच ध्यान नव्हतं. ओट्यावर चारचौघांत तुम्हास्नी खोटं पाडाया निघाले मी. लई चुकलं बाई माझं."

आणि तिनं माझ्या पायावर हात ठेवले. ते तळवे खरखरीत होते, आणि तिला बोटं पुरती सरळ करता येत नव्हती.

मी म्हणाले, "असू दे, सगुणा. होतं माणसाकडून."

मी तिला माफ केलं.

जाताना तिनं मेथीची जुडी दिली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मी शिकवली होती तशी. दोन दिवसांची असेल, पण एक पान मऊ पडलं नव्हतं. संध्याकाळी मी ती निवडली, लसणाची फोडणी देऊन केली, आणि आम्ही दोघं जेवलो. हे म्हणाले, भाजी छान झाली आहे. मी म्हणाले, हो, ताजी होती.