कांतीलालांची सव्विसावी डिव्हिजन

जव्हारच्या एसटी स्टँडसमोर शलाकाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दाखल्यांचे अर्ज, सातबारा, लग्नपत्रिका, सगळं तिथे होतं. गेली दोन वर्षं तिथे पहिलं महायुद्धही चालू होतं, आणि त्याने शलाकाचं डोकं उठवलं होतं.

ते युद्ध आणलं कांतीलालांनी. डेपोचे निवृत्त कंट्रोलर. एकतीस वर्षं भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. अजूनही ते बोलायला लागले की समोरचा माणूस नकळत पिशवी उचलतो. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे कोणी देवळाच्या कमिटीत गेले, कोणी जमिनीच्या दलालीत. कांतीलालांनी जर्मन सैन्याची सव्विसावी राखीव डिव्हिजन धरली. १९१४च्या ऑगस्टात ती दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गहून निघाली, सीमेवर व्होजच्या डोंगरात लढली, मग फ्रान्समध्ये सोम नदीजवळ दोन वर्षं खंदकात राहिली. एक जुलै १९१६ला ब्रिटिशांचा मोठा हल्ला तिने थिएपव्हालला अडवला, सप्टेंबरात ते गाव गमावलं. हे सारं कांतीलालांनी नऊ दोनशेपानी वह्यांत उतरवलं आणि पुस्तक करायला शलाकाकडे टायपिंगला दिलं. इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी उघडून, जर्मन पुस्तकं मोबाइलवरच्या भाषांतरातून.

"पण हीच का, काका?" शलाकाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"डेपोत स्पेअर ड्रायव्हरांचा बाक असतो. बसलेल्याला ठाऊक नसतं, आपण नाशिकला जाणार की डहाणूला. त्या बाकावरची माणसं मी उठवत आलो. ही अख्खी डिव्हिजन त्या बाकावरची."

उत्तर तिला आवडलं. तिथेच चूक झाली.

रोज अकराच्या ठोक्याला कांतीलाल दुरुस्तीच्या चिठ्ठ्या घेऊन हजर. आधी 'थिएप्वाल', मग 'थिएपव्हाल'. एकदा म्हणाले, "सोम नाही, सॉम." शलाकाने एका झटक्यात सगळीकडे बदल केला आणि पुस्तकभर सोमवारांचे सॉमवार झाले. कांतीलालांनी सतरा सॉमवारांना लाल गोल केले, जणू तिने मुद्दाम केले असावेत. मोखाड्याचा एक गृहस्थ टेबलावरचा कागद घेऊन चालता झाला. त्यावर 'राखीव' दिसलं, त्याला वाटलं सरपंचपदाचं आरक्षण जाहीर झालं. त्याला स्टँडवरून परत आणावं लागलं. दुपारी कांतीलालांच्या बायकोचा, कुसुमावतीकाकूंचा फोन ठरलेला. "आहेत ना तिथेच? जेवायला पाठव गं. काल मला म्हणाले, आघाडीवर शांतता आहे. मी गॅससाठी नंबर लावायला सांगत होते!"

अखेर श्रावणात शेवटची वही संपली. पानांना आकडे पडले, अनुक्रमणिका झाली. शलाकाने प्रिंट काढायला घेतली. दुकानात साखरशेतचा ढवळू सातबाऱ्यासाठी बसला होता. सर्व्हर बंद, त्याला घाई नव्हती.

"कंट्रोलर साहेब, राखीव म्हंजे काय वो?"

कांतीलाल खुलले. "म्हणजे पलटणीतली नोकरी करून घरी आलेले. लग्न केलेले, शेतीला लागलेले. ऑगस्टात लढाई पेटली आणि सगळ्यांना परत बोलावलं."

"ऑगस्टात? म्हंजे लावणी झाली व्हती."

"तिकडे लावणी नाही. तिकडे तेव्हा कापणी असते."

"मंग कापणी कोनी केली?"

कांतीलालांनी वही चाळली. "तो या पुस्तकाचा विषय नाही," ते फटकन म्हणाले, आणि छत्री घेऊन निघून गेले.

"मी काय वाईट बोललू का, ताई?" ढवळूने विचारलं.

"नाही हो. तुमचा सर्व्हर बघते."

दुसऱ्या दिवशी कांतीलाल आले नाहीत. तिसऱ्याही. शलाकाने बारा अर्ज बिनव्यत्यय भरले. अकरा वाजले की तिची नजर मात्र दाराकडे जायची, आणि त्याचाच तिला राग यायचा. बारा दिवसांनी ते आले, जागून वाचल्याने डोळे सुजलेले, हातात दहावी वही.

"पान एकतीसनंतर घालायचं."

"अनुक्रमणिका झाली, काका! सगळे आकडे बदलतील! दोन वर्षं माझं दुकान आहे की खंदक?"

कांतीलालांनी वाद न घालता वही पुढे सरकवली. असं कधी झालं नव्हतं. शलाकाने वही ओढून घेतली. आत त्या ऑगस्टातली कापणी होती. घोडे सैन्याने नेले. बायकांनी गाड्यांना गायी जुंपल्या. शाळेतली पोरं, म्हातारे, पुढे तर युद्धकैदी, जे हात सापडले ते शेतात लागले. नऊ वह्यांनंतर पहिल्यांदाच बाई आली होती.

"हे 'राय' काय आहे? राई? मोहरी?"

"धान्य. आपल्या नाचणीसारखं, हलक्या जमिनीतलं."

"मग तसं लिहा ना!"

"तूच लिही."

तिने लिहिलं, चिडूनच.

दिवाळीनंतर पुस्तक आलं, शंभर प्रती. ढवळूची प्रत कांतीलालांनी स्वतः साखरशेतला नेऊन दिली. ढवळूला फारसं वाचता येत नाही. त्याची सून प्रगती रोज थोडं वाचून दाखवायची. कापणीचं झाल्यावर त्याने पुढचं थांबवलं, म्हणे पुढे नुसते मरतातच.

कांतीलालांना ते फार लागलं. चौथ्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर उभे होते, शुद्धिपत्राचे तीन कागद घेऊन.

"आज दुकान बंद आहे," शलाका म्हणाली. आत पंखा फिरत होता, प्रिंटर चालू होता, आणि बाकावर पाच माणसं बसली होती.