पितळेची तोटी आणि एक टिंब

आता काय सांगू, एका पितळेच्या तोटीनं माझी अब्रू काढली म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा! पण चहा संपेपर्यंत ऐका.

तीस-पस्तीस सालातली गोष्ट. मी नाशकात मराठी शाळेत मास्तर. लग्न नवीन. बायको यमुना तापातून उठली आणि तिचे वडील, आबा, तिला निफाडला घेऊन गेले. "अंगात रगत भरल्याबिगर धाडायची नाय!"

दोन महिने घर नुसतं खायला उठलं होतं. चुलीपाशी तिच्या बांगड्या वाजत नाहीत म्हणून भाकरी गोड लागेना. भाकरी मीच करायचो, हेही कारण असेल म्हणा!

वैद्य म्हणाले, अशक्तपणाला द्राक्षासव उत्तम. ठरलं! घरीच करायचं, बाटल्या निफाडला पाठवायच्या, रगत भरलं की बायको परत. मातीचा रांजण आणला. द्राक्षं कुस्करली, गूळ आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं घातली. सारखं झाकण उघडायला नको म्हणून बुडाशी आधीच भोक पाडून बूच मारून ठेवलं होतं; आता तोटी आणायला भांडीबाजारात गेलो.

रसूलचाचा कल्हईवाल्यांनी तोटी दिली, पण बजावलं, "मास्तर, आंबट चीज हाय. नुस्त्या पितळेनं कळकेल, जहर होईल. अंदरून कल्हई पायजे. दुपारी भट्टी पेटली की या."

दुपारपर्यंत मला कुठला धीर? वाटेत फिरता कल्हईवाला भेटला. म्हटलं, "चांदीसारखी चमकव!" त्यानं चमकवली. बाहेरून. आत कोण बघतंय?

आसव मुरलं. अजून तोटी फिरवलीही नव्हती, तरी फुशारकीनं मी यमुनेला कार्ड टाकलं, "तू गेल्यापासून चैन नाही. तुझ्यासाठी रोज आसव गाळतो आहे." तिला बाराखडी मीच शिकवलेली. एका टिंबानं अर्थ कसा बदलतो, याची तर दहा वेळा उजळणी घेतलेली.

चार दिवसांनी दारात छकडा! आबा उतरले, मागून यमुना.

"जावईबापू, पोरगी आणलीय. आता रडू नका!" आबांनी माझे हात धरले. "यमुनेच्या हातनं कार्ड घेतलं आन् तलाठ्याकडून दोनदा वाचून घेतलं. घरात कुणी जेवलं नाय. रोज आसवं गाळता म्हनं?"

"हो तर! या, दाखवतो ना!" मी त्यांना रांजणापाशी नेलं. "निम्म्याच्या वर भरलाय!"

आबा रांजणाकडे बघतच राहिले. "एवढी?"

मी ऐटीत तोटी फिरवली. हिरवट धार लागली. यमुनेनं पेला नाकाशी नेला मात्र, "अवो, कळकलंय हे! तोटीला आतून कल्हई नाय केली?"

"बाहेरून केलीय की! बघ कशी चमकते!"

तिनं कपाळाला हात लावला. आबांनी कार्ड काढून माझ्या हाती दिलं. माझ्या 'आसव'च्या डोक्यावर हे ठसठशीत टिंब!

तिथं गप्प बसावं की नाही? पण मी पडलो मास्तर! "छे छे, हे टिंब चूक आहे! मी आसव लिहिलं होतं, औषध! मी कुठं रडतोय?"

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजे रडत नव्हता? चल गं यमुने, माघारी!"

यमुनेनं निमूटपणे गाठोडं उचललं. तिचे ते वाळलेले हात पाहिले आणि दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. मिशा राखलेला, पोरांना चळाचळा कापायला लावणारा हा मास्तर, रांजणाला मिठी मारून भोकाड पसरून रडला!

आबा पुढं झाले. मग लेकीच्या हातातलं गाठोडं काढून त्यांनी खाली ठेवलं आणि छकडा एकट्यानंच हाकत निफाडला गेले.

संध्याकाळी यमुना ते आसव मोरीत ओतत होती. मी कार्ड उजेडात धरलं. माझी शाई निळी आणि टिंब काळं! बोट फिरवलं तर पुसलं गेलं. बोटाला लागलं ते काजळ होतं.

मी वर पाहिलं. ती पाठमोरी होती, पण खांदे हसत होते. "तुमीच शिकवलंय न्हवं," ती म्हणाली, "टिंबानं अर्थ बदलतो म्हनून?"

म्हणजे तीही तिकडे झुरत होती, आणि मला बापड्याला पत्ता नाही! शाळेत टिंब विसरलं की छडी मारणारा मी. आणि माझंच पत्र बायकोनं तपासून, दुरुस्त करून, पास केलं होतं!