बिल भरलं, तरी जुने ब्रेक पॅड मागून घ्या

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आत्ताच नांदेडहून कळमनुरीला परत आलोय. लेकीचे दिवस भरलेत, तिला उद्या गाडीनं दवाखान्यात न्यायचंय, म्हणून पुढचे ब्रेक पॅड बदलायला गेलो होतो. आमच्या गावच्या मिस्त्रीकडं निम्म्याहून कमी खर्चात झालं असतं. पण जावई म्हणाले, "बाबा, ब्रेकचं काम शोरूमलाच करा."

बिल भरून मी जुने पॅड मागितले. आमचा मिस्त्री काढलेला पार्ट न मागता हातात देतो.

सुपरवायझर हसला. "काका, भंगार नेऊन काय करता?"

"गाडी माझी, तर भंगार बी माझंच."

त्यानं आतून चार झिजलेले पॅड आणले. ते माझे नव्हतेच! मी हे काम कुठं शिकलो नाही, पण पुढचे हे आधीचे पॅड मीच बसवले होते, आणि बसवलेल्या प्रत्येक पार्टवर मी कानशीनं बारीक खूण करतो. चाक खोलायला लावलं. खुणेचे पॅड जागच्या जागी होते.

मॅनेजर म्हणाले, "चुकून राहिलं." बिलात पॅड बदलल्याचं लिहिलेलं होतं, त्यामुळं त्यांना वाद घालायला जागा नव्हती. नवे पॅड माझ्यासमोर बसवले. मिस्त्रीकडं असं बिल मिळत न्हाई, हेही बराबर आहे. पण तिथं चाकाजवळ उभं राहता येतं. इथं मला काचेआड बसवून चहा दिला होता.

न मागता निघालो असतो, तर उद्या लेकीला त्याच झिजलेल्या ब्रेकवर नेलं असतं. तुमी कुठं उभे राहता, चाकाजवळ की काचेआड?