समोरच्या गॅलरीतून आलेली वायर

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले गेले, तेव्हा बाबा आणि मी, दोघंही पॉझिटिव्ह होतो. जुन्या नाशकातलं आमचं घर दोन खोल्यांचं. बाबांचा ऑक्सिजन उतरत चालला होता, शहरात बेड मिळत नव्हता, आणि फोन लावून लावून मी थकले होते.

समोरच्या भाभींनी खिडकीतूनच विचारलं, "काय झालं, ताई?" मी सांगितलं. संध्याकाळी आमच्या दारात एक मशीन आलं, हवेतून ऑक्सिजन काढणारं. गल्लीतल्या मुसलमान घरांनी ईदच्या कपड्यांचे पैसे एकत्र करून ते घेतलं होतं. ज्याला लागेल त्याने वापरायचं, बरं वाटलं की पुढच्याला द्यायचं.

बाबा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. नाशिक-कळवण रस्ता त्यांना डोळे मिटूनही दिसायचा. आता नाकातली नळी जाईल तिथपर्यंतच त्यांना जाता यायचं: पलंग, खुर्ची, खिडकी. "मला डेपोत लावून टाकलंय," एकदा म्हणाले. हसले नाहीत.

मलाही दाराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. दिवसभर मशीनची घरघर. ती ऐकून डोकं उठायचं, आणि ती थांबली तर, म्हणून रात्रीही मी तिच्याकडे कान लावून असायची.

एका दुपारी ती थांबलीच. लाइट गेली होती. बाबा तोंड उघडं टाकून उठून बसले. मी खिडकीतून भाभींना हाक मारली. भाभींचे मिस्टर, त्यांना मी भाई म्हणायची, बनियनवरच गॅलरीत आले. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. त्यांनी लांब वायर आणून माझ्याकडे फेकली. ती खाली गल्लीत पडली. दुसऱ्यांदा माझ्या बोटांना लागून निसटली.

"घाई नका करू, ताई," ते म्हणाले. "पुन्हा टाकतो."

पुढच्या वेळी मी पकडली. मशीन सुरू झालं. बॅटरी आम्हाला पुरावी म्हणून त्यांनी घरातले पंखे बंद केले. रोजे चालू होते. त्या उकाड्यात पाण्याचा घोटही न घेता ते घर लाइट येईपर्यंत तसंच बसून राहिलं.

बाबा सावरले. मशीन पुढच्या घरी गेलं. आणि मग भाईंनाच ताप आला. मशीन त्यांच्याकडे आलं, पण ते पुरेना. ॲम्ब्युलन्सपर्यंत ते स्वतःच्या पायांनी चालत गेले, मी खिडकीतून पाहिलं. ते परत आले नाहीत.

भाभी मुलींसोबत घरात कोंडलेल्या. त्यांना शेवटचं तोंडही बघता आलं नाही. मधे जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी गल्ली, रडणं स्पष्ट ऐकू यायचं, आणि बांबू निघेपर्यंत घराबाहेर पडायची बंदी, मला जाता येत नव्हतं. मी डबा करून दारात ठेवायची, दूध वाटणारी पोरं तो तिकडे पोचवायची. डबा बऱ्याचदा तसाच भरलेला परत यायचा.

बांबू निघाले त्या सकाळी बाबांनी चप्पल घातली. समोरचा जिना चढताना ते दोनदा थांबले. भाभींनी खुर्ची पुढे केली. बाबा धापा टाकत बसले.

भाभींनी विचारलं, "अजून दम लागतो का, बाबा?"

"लागतो," बाबा म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.