बनियनमधली फवारणीची वही

दाजींची फवारणीची वही मी बनियनमध्ये लपवली आणि त्या वर्षी त्यांची द्राक्षं परदेशी जायची राहिली. दोन वर्षं दाजी आणि माझी आक्का त्या एका गोष्टीसाठी बागेत राबत होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नाशकात नोकरी करायचो आणि उरलेल्या वेळात देश वाचवायचो. तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका सभेत कोणीतरी माझ्या हातात स्वदेशी-विदेशी वस्तूंची यादी दिली होती. मी तिला प्लॅस्टिकचं कव्हर घालून खिशात ठेवली. घरातली टूथपेस्ट हद्दपार केली आणि काळ्या दंतमंजनाने दात घासून काळ्याच दातांनी भाषणं ठोकू लागलो. हळद परदेशी पेटंटात गेली, कडुनिंब गेला, आता काय उरलं, असं जो तो विचारायचा. सरकार एका हाताने दार उघडत होतं आणि दुसऱ्या हाताने कडी चाचपत होतं. आमचंही तसंच. घरी परदेशी टीव्ही यावा असं सगळ्यांना वाटे, फक्त परदेशी माणूस येऊ नये.

त्या रविवारी मी आक्काकडे गेलो, तर दाजी आणि ती एका मयतीला निघाले होते. "पाव्हणं, कंपनीचा साहेब येईल बाग बघायला," दाजी म्हणाले. "मागंल ते दाखवा. वही तिथं खुंटीवर हाय."

मला वाटलं, साहेब मुंबईचा असेल. जीपमधून उतरला तो गोरापान, गुडघ्यापर्यंत चड्डी घातलेला. बरोबर निर्यातदाराचा एक मराठी पोरगेला माणूस. गोऱ्याने घड हातात घेतला, मण्यांना जाडी मोजायची रिंग लावून पाहिली, मान डोलावली. माझ्या हातचा चहा प्यायला आणि "गुड, गुड" म्हणाला. माझ्या चहाला आजवर कोणी चांगलं म्हटलेलं नव्हतं, तिथेच मला संशय आला. मग त्याने वही मागितली.

कोणतं औषध कधी, किती मारलं, दोन वर्षांचं सगळं दाजींच्या अक्षरात त्या वहीत होतं. म्हणजे बागेचं गुपितच! मी आत गेलो, वही बनियनमध्ये कोंबली, वर सदरा नीट केला आणि बाहेर येऊन म्हणालो, "नो बुक."

"अहो काका, वही पाहिल्याशिवाय बाग पास होत नाही," तो पोरगा काकुळतीला आला.

"आधी पास, मग पेटंट!" मी म्हणालो. "तुझ्यासारख्या फितुरांमुळेच राज्यं गेली."

द्राक्षाच्या ज्या वाणाचं मी रक्षण करत होतो, त्याला नावसुद्धा कुठल्यातरी गोऱ्या साहेबाचंच होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. गोऱ्याने त्याच्याजवळच्या बागांच्या यादीतल्या एका ओळीवर रेघ मारली, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि शेजारच्या बागेत गेला.

आता त्या दिवसांची आठवण येते, तेव्हा लाजेबरोबर थोडं हळहळायलाही होतं. आपल्याकडे जगाने चोरावं असं काहीतरी आहे, हा विश्वास तेव्हा किती सहज होता! पुढे मॉल आले, शेजारच्यांच्या पेट्या बोटीवर चढल्या, माझ्या घरी टूथपेस्टही परत आली. चोर काही फिरकला नाही.

संध्याकाळी दाजी-आक्का परतले. आक्काने अंघोळीआधी, दारातूनच विचारलं, "झाली का रे पास?"

मी छाती फुगवून घामाने भिजलेली वही बाहेर काढली आणि पराक्रम सांगितला. आक्का मटकन ओट्यावर बसली. दाजींनी वही घेतली, एकेक चिकटलेलं पान सुटं करत राहिले. तेवढ्यात शेजारच्या बागेतून कोणीतरी ओरडून सांगितलं, त्यांची पास झाली.

दाजी उठले, वही खुंटीवर अडकवली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "म्होरल्या वर्षी गोरा आला तर येऊ द्या. तुम्ही नका येऊ."