बदली नसलेला हॅकर

मी तिसरी नापास. पण हॅकर बनवला तो मी माझ्या अकलेने, नातीच्या नाही, हे आधी सांगून ठेवतो.

रविवारी दुपारी नवागामच्या आमच्या खोलीत नात दोन मैत्रिणींना घेऊन एक खेळ मांडते. कागद, पेन्सिली, दहा बाजूंचे फासे. पुढच्या काळातलं शहर, तिथे कंपन्यांचंच राज्य. खेळ नात चालवते, बाकीच्यांनी आपापला माणूस बनवायचा. मी हॅकर घेतला, म्हणजे डोक्यात वायर खोचून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात शिरणारा.

पॉइंट मोजकेच मिळतात. मी डोक्याला भरभरून दिले, बोटांना दिले, अंगाला ठेवला एक.

"आजोबा, एका फटक्यात मरेल हा."

"मरू दे. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या मशीनवर जन्म काढला तो अंगावरच. डोकं कोणी मागितलंच नाही. आता डोकंच."

त्याचं पिस्तूल विकलं, जाड जाकीट विकलं आणि जलद मशीन घेतलं. नात म्हणाली, निदान एक छोटा प्रोग्रॅम घ्या, तुम्हाला निघावं लागलं तर तुमच्या जागी दार धरून ठेवेल.

"माझ्या जागी दुसरं कशाला? मी आहे ना."

पुढच्या रविवारी आम्ही कंपनीच्या इमारतीत शिरलो. मैत्रिणींची माणसं वरच्या मजल्यावर, एका कैदी बाईला सोडवायला. माझा हॅकर तळघरात, वायर लावून लोखंडी दार उघडं धरून. तेवढ्यात भोंगा झाला.

नात हळू आवाजात म्हणाली, "पहारेकरी प्रोग्रॅम तुमच्या वायरीत शिरलाय. डोकं तापतंय. वायर काढली तर वाचाल. पण दार बंद होईल."

कागद आहे, कळत होतं. तरी छाती धडधडायची थांबेना. मरणाला भीत नाही असं गल्लीभर सांगत फिरणारा मी.

"दादा, नीकळो ने!" एक गुजराती मैत्रीण ओरडली. "निघा तुम्ही, आमचं आम्ही बघू!"

मिलमध्ये पाळी संपली तरी बदलीवाला येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नसतं. वाफेचं काम, कोणी भाजलं म्हणजे? इथे बदली कुठून येणार? मीच नको म्हटली होती.

"धरतो," मी म्हणालो.

फासा टाकला, एक मैत्रीण बाहेर पडली. पुन्हा टाकला, दुसरी त्या बाईला घेऊन निघाली. आता राहिलो मी.

"पहारेकऱ्याचा फासा मी वहीआड टाकते हं," नात म्हणाली. माझ्याकडे बघेना.

मी समजलो. "उघड्यावर टाक. दया नको मला."

"आठच्या खाली पडला तर वाचलात."

स्टीलच्या ताटात फासा गरगरत राहिला. हात घालून तो थांबवावा असं वाटलं. मी गुडघे घट्ट धरून बसलो. नऊ पडला. हॅकर गेला.

ती मैत्रीण म्हणाली, "दादा, पण आम्ही तर बाहेर आलो."

"मग झालं की." ताटातला फासा उचलला, नातीच्या हातात दिला.

नातीने नवा कागद घेतला. "आता अंगाला किती?"

"एकच."

"आजोबा!"

"एकच म्हटलं ना. पण आधी तो दार धरणारा लिही. सगळ्यात वर."