सेकंदाला पंधरा हेलकावे

रफीकभाईंनी हळदीचा ढोल बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं. कडेची एक बारीक रेघ गेली, पण मोठी रेघ जशीच्या तशी!

दोन विझलेले जड तारे एकमेकांभोवती गरगरत आदळतात, तेव्हा अवकाशच थरथरतं. ही थरथर गुरुत्वीय लहरी होऊन आपल्यापर्यंत पोचते आणि तिच्यावरून त्या ताऱ्यांचं वजन काढता येतं. तराजू नको, काही नको! पण लहर एवढी नाजूक, की शेजारचा साधा ट्रॅक्टरही तिला झाकून टाकतो. म्हणून आधी जमिनीची थरथर मोजायची. ते काम माझं. मोजणाऱ्या यंत्राला सिस्मोमीटर म्हणतात.

कुरुंदा गावाकडच्या एका शेतात, माझ्या कामाच्या खोलीमागच्या खड्ड्यात मी ते बसवलं होतं. रोज दहा ते सहा स्क्रीनवर एक मोठी रेघ, सेकंदाला पंधरा हेलकावे. शेजारी रफीकभाईंचा हळद पॉलिश करायचा ढोल. तोही दहा ते सहा. झालं, चोर सापडला.

आमच्या प्रकल्पाचे सर फोनवर म्हणाले, "तो ढोल सीझनभर बंद ठेवायला लावू. मी पत्र काढतो."

"सर, त्यांचा सीझनच दोन महिन्यांचा."

"मग आज बंद करून पुरावा द्या. संध्याकाळी पत्र निघेल."

रफीकभाईंच्या दारात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागली होती. "एक दिवसाची तकलीफ चालती, ताई. पर सीझन गेला तर लेकरं काय खातील?" तरी बटण त्यांनी स्वतः दाबलं, आणि माझ्याबरोबर स्क्रीनसमोर येऊन बसले.

"ही मोठी रेघ कितीची म्हणलात?"

"सेकंदाला पंधरा."

"मिनटाला?"

"नऊशे."

"माझी मोटार चौदाशे चाळीसची हाय. ढोल तर मिनटाला तीस बी फिरत न्हाई. हितं नऊशेचं काय हाय?"

दोघांनी एकदमच मान वळवली. खिडकीत माझा कूलर धडधडत होता. मी दहाला आले की लावायचे, सहाला जाताना बंद करायचे. मोटारीच्या पट्टीवर लिहिलेलं, नऊशे. अरे देवा! साठने भागायचं गणित, पाचवीतलं पोरगंही करेल.

कूलर बंद केला. रेघ गेली.

"काखेत कळसा झाला की ताई!" रफीकभाईंनी तोंडावर रुमाल धरला, पण हसू काही आवरेना. मलाही आवरेना. जीव भांड्यात पडला होता.

सरांना फोन केला. "कारण सापडलं, सर."

"ढोलच ना?"

"ढोलाची रेघ बारीक आहे, मर्यादेत आहे. मोठी रेघ माझ्या कूलरची."

"रिपोर्टात काय लिहिणार?"

"हेच."

पत्र निघालं नाही. दुपारी दोनला ढोल पुन्हा सुरू झाला आणि सहापर्यंत निम्मी थप्पी उतरली. मोजणीचे उरलेले तीन आठवडे मी कूलरविना घामाने निथळत काढले, पण मजेत. तेव्हापासून माझा एकच नियम आहे. दुसऱ्याचं मशीन बंद करायला सांगण्याआधी आपलं बंद करून बघायचं. ताऱ्यांचं वजन काय, नंतरही काढता येतं.